न्यूट्रॉनचे मीटर इतके जाडजूड का?

प्रश्न : रावतभाट्याच्या अणुवीज केंद्रात काम करणारा माझा भाचा सांगतो की गॅमासाठी हातात मावणारे मीटर असते आणि न्यूट्रॉनसाठी पॉलिथिनचा जाड गोळा असलेले वेगळे, चांगलेच जड मीटर. आत दोन्हीकडे वायूचीच नळी, मग एकात का भागत नाही? आणि त्या जड मीटरचा आकडा कितपत खरा?
— एक वाचक, सिविल लाइंस, जयपूर

उत्तर : वायूच्या नळीला कळतो तो फक्त विद्युतभार. गॅमा किरण नळीच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन उडवतात, त्यांच्यामुळे वायूत आयन तयार होतात आणि मधल्या तारेवर स्पंद उमटतो. न्यूट्रॉनला भारच नाही. म्हणून नळीत असा वायू भरतात, जो न्यूट्रॉन गिळून भारित कण बाहेर टाकेल. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमधल्या बोरॉन-10 पासून अल्फा कण निघतो, हेलियम-3 पासून प्रोटॉन. पहिला वायू विषारी, दुसरा महाग. या कणांचे स्पंद गॅमाच्या स्पंदांपेक्षा मोठे असतात, त्यामुळे लहान स्पंद गाळून टाकले की गॅमा वगळता येतो.

मोजणी झाली, डोस अजून झाला नाही. हे वायू मंद न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतात आणि वेगवान बहुतेक सोडून देतात. शरीराचे गणित नेमके उलटे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या 2007 च्या शिफारशींत गॅमाला 1, अगदी मंद न्यूट्रॉनला 2.5 आणि 1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या न्यूट्रॉनला सुमारे 20 असा हानीचा गुणक आहे.

पॉलिथिन येते ते इथे. त्यात हायड्रोजन भरपूर, आणि त्याचा प्रोटॉन जवळजवळ न्यूट्रॉनच्याच वजनाचा. गोटी तशाच गोटीवर नेमकी आदळली की पहिली जागच्या जागी थांबते. न्यूट्रॉनही अशाच टकरा खात मंदावतो आणि मग नळीला सापडतो. 1960 च्या दशकात अँडरसन आणि ब्राउन या संशोधकांनी पॉलिथिनच्या आत भोके पाडलेला बोरॉनचा थर घातला. जाडी आणि भोके अशी बेतलेली, की नळीतली मोजणी साधारण डोसच्या प्रमाणात यावी.

‘साधारण’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. मध्यम ऊर्जेचे न्यूट्रॉन हे मीटर दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त दाखवते. 20 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे कमी दाखवते. त्यात अंशांकन बहुधा अमेरिशियम-बेरिलियमच्या स्रोतावर होते, ज्याच्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा 4 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. रावतभाट्यात काँक्रीट आणि जड पाणी ओलांडून येणारे न्यूट्रॉन कितीतरी मंद. त्यामुळे तिथला आकडा बहुधा फुगलेला. कामगाराच्या दृष्टीने ही चूक सुरक्षित बाजूची, पण तिला अचूकता म्हणू नये. त्या जागी न्यूट्रॉनच्या ऊर्जेची वाटणी कशी आहे हे आधी तपासून सुधारणा-गुणक लावला, तरच आकड्याला अर्थ.

याहून प्रामाणिक वायूयंत्र आहे ते भौतिकशास्त्रज्ञ रॉसी यांचे. भिंत ऊतीसारख्या प्लास्टिकची, आत ऊतीसारखाच वायू, दाब हवेच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका. काही सेंटिमीटरचा गोळा त्यामुळे दोनएक मायक्रॉनच्या ऊतीसारखा वागतो आणि प्रत्येक कणाने किती ऊर्जा सोडली ते थेट नोंदवतो. यंत्र नाजूक, म्हणून रोजच्या फेरीला नेत नाहीत.

जयपूरमध्येही न्यूट्रॉन आहेत बरं का. कर्करोगावरच्या उपचारांतले 10 मेगाव्होल्टच्या वर चालणारे प्रवेगक न्यूट्रॉन निर्माण करतात, तेही काही मायक्रोसेकंदांच्या झोतांत. उपचाराच्या खोलीत क्ष-किरणांचा लोंढाच इतका, की वायूची नळी गुदमरते आणि आकडा खूप कमी दाखवते. तिथे सीआर-39 प्लास्टिकचे तुकडे ठेवतात आणि नंतर रसायनात खोदून त्यावरचे चरे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. न्यूट्रॉनच्या जागी काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यांतही आपल्याकडे हेच प्लास्टिक असते.