जोडणी तुटते तेव्हा

बदामीजवळची बनशंकरी ही अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता. तिच्याच नावाचे मंदिर बेंगळुरूच्या दक्षिण भागात कनकपुरा रस्त्यावर असून भोवतालची वसाहतही बनशंकरी याच नावाने ओळखली जाते. तेथे स्थायिक झालेले, मूळचे बेळगावचे एक निवृत्त शिक्षक पुण्यात शिकणाऱ्या नातीला शुल्कापोटी १२,००० रुपये पाठवण्यासाठी शाखेत आले आहेत, अशी कल्पना करू. लिपिकाने व्यवहार नोंदवला, पडद्यावरील चक्र बराच वेळ फिरत राहिले आणि अखेर 'संपर्क तुटला' असा संदेश उमटला. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द कन्नड आणि मराठी दोन्ही भाषकांना सारखेच कळतात. कळत नाही ते एवढेच, की पैसे गेले की नाही? कळ पुन्हा दाबावी की थांबावे?

या प्रश्नाचे उत्तर ज्या पडद्याआडच्या घटकावर अवलंबून असते, त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मधला दुवा

शाखेतील आज्ञावली डेटाबेसशी थेट बोलत नाही. दोहोंमध्ये 'क्लायंट लायब्ररी' नावाचा दुवा असतो. पूर्वी ट्रंक कॉल लावून देणारा ऑपरेटर जे काम करी, तेच काम ही लायब्ररी करते : क्रमांक जोडणे, ओळख पटवणे, बोलणे पोचवणे आणि तार तुटल्यास तसे कळवणे. पोस्टग्रेस प्रणालीत या दुव्याचे नाव 'लिबपीक्यू' असे आहे. ओरॅकल आणि मायएसक्यूएल यांचेही असेच दुवे आहेत. त्यांनी कसे वागावे हे तंत्रज्ञांनी ठरवून द्यावयाचे असते.

किती वेळ थांबावे?

पहिला निर्णय प्रतीक्षेचा. लिबपीक्यूला 'कनेक्ट टाइमआउट' सेकंदांत सांगितला नाही, तर ती स्वतःहून कोणतीही मर्यादा घालत नाही. २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून तिला एकाहून अधिक सर्व्हरांचे पत्ते देता येतात. परंतु ही मर्यादा प्रत्येक पत्त्यास स्वतंत्रपणे लागू होते. म्हणजे १० सेकंदांची मर्यादा आणि दोन बंद सर्व्हर असतील, तर खिडकीवरील ग्राहकास २० सेकंद तिष्ठावे लागेल.

दुसरा निर्णय निष्क्रिय जोडणीचा. मधल्या वेळी व्यवहार थंडावले, की वाटेतील फायरवॉल शांत जोडणी गुपचूप तोडते. दोन्ही टोकांना मात्र ती जिवंतच वाटते. यावर उपाय म्हणून 'कीपअलाइव्ह' हे लहानसे संकेत पाठवले जातात. लिनक्समध्ये पहिला संकेत मूळ मांडणीनुसार ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातो. फायरवॉलची मुदत त्याहून कमी असेल, तर हा काळ घटवणे अगत्याचे ठरते.

आपोआप जोडण्याचा मोह

तुटलेली जोडणी लायब्ररीने परस्पर जोडून द्यावी, असे कोणालाही वाटेल. बँकव्यवहारात मात्र हा मोह घातक आहे. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधीच तार तुटली, तर डेटाबेस अपुरा व्यवहार रद्द करतो. हे योग्यच आहे. परंतु आज्ञावलीने त्रुटीचा अर्थ न पाहता केवळ 'जमा' हेच विधान पुन्हा पाठवले आणि लायब्ररीने नवी जोडणी करून ते पार पाडले, तर वजा न होताच रक्कम जमा होते! म्हणूनच मायएसक्यूएलमधील ही सोय ५.०.३ या आवृत्तीपासून मुळात बंद ठेवली गेली आणि २०२३ मध्ये ती कालबाह्य म्हणून जाहीर झाली.

याहून अवघड प्रसंग म्हणजे 'व्यवहार कायम करा' ही आज्ञा गेली, पण पोच येण्याआधीच तार तुटली. अशा वेळी काम झाले की नाही हे लायब्ररीला सांगता येत नाही. उपाय एकच : प्रत्येक व्यवहारास आरंभीच एकमेव संदर्भ क्रमांक द्यावा, एकच क्रमांक दोनदा नोंदला जाणार नाही असे बंधन डेटाबेसवर घालावे, आणि पुनःप्रयत्नापूर्वी तो क्रमांक शोधावा.

तपासनोंद : उपयुक्त, पण जोखमीची

दोष सापडत नसेल तर लायब्ररीस आपले सारे संभाषण लिहून ठेवण्यास सांगता येते. ओरॅकलमध्ये या नोंदीच्या ०, ४, १० आणि १६ अशा पायऱ्या आहेत. लिबपीक्यूमध्ये 'पीक्यूट्रेस' हे कार्य त्यासाठी आहे. मात्र या नोंदीत ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक उघड उमटू शकते. शिवाय फाइल झपाट्याने फुगते आणि काम मंदावते. म्हणून ती ठरावीक काळापुरती चालू करावी, मोजक्याच व्यक्तींना वाचू द्यावी आणि काम होताच बंद करून काढून टाकावी. ग्राहकाची गोपनीयता राखणे हे बँकेचे जुनेच व्रत आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदाही केला आहे.

ग्राहकांनी काय करावे?

• 'संपर्क तुटला' म्हणजे 'व्यवहार झाला नाही' असे समजू नये. पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी शिल्लक किंवा खातेउतारा पाहावा.

• संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. यूपीआय व्यवहारात तो १२ अंकी असतो.

• रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एटीएममधून रोकड न मिळता रक्कम वजा झाल्यास ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हावयास हवी. यूपीआयने पाठवलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा न झाल्यास ही मुदत एक दिवसाची आहे. त्यापुढील विलंबास प्रतिदिनी १०० रुपये भरपाई देय असते.

आपल्या शिक्षकमहाशयांच्या लिपिकाने कळ पुन्हा दाबली नाही. त्याने संदर्भ क्रमांक तपासला, रक्कम गेल्याचे पाहिले आणि तसे त्यांना सांगितले. नातीचे शुल्क एकदाच भरले गेले. तार तुटणे आपल्या हाती नाही. तुटल्यावर धीराने चौकशी करणे मात्र यंत्राच्या आणि माणसाच्याही हाती आहे.