सी ड्राइव्ह लाल झाल्यावर

डीटीपीवाल्याचा कॉम्प्युटर वर्षातून दोनदा हमखास तुंबतो. एकदा गणपतीच्या सुमारास, दिवाळी अंकांची पानं आणि जाहिराती एकदम अंगावर येतात तेव्हा. आणि दुसऱ्यांदा तुळशीचं लग्न उरकून पत्रिकांची झुंबड उडते तेव्हा. मग आमच्या सांगलीतल्या गल्लीतली डीटीपीची पोरं हाक मारतात, "ताई, सी लाल झालाय, काय काय उडवू?" बहुतेक वेळा उडवायचं थोडं आणि हलवायचं जास्त असतं. त्या पोरांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. भरलंय कशाने ते आधी बघा.

ड्राइव्हमधली मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोजमधली निळी पट्टी लाल होते. लाल दिसली की माणूस फोटोंवर तुटून पडतो. विनडिरस्टॅट किंवा ट्रीसाइज यांपैकी एखादं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं तर कुठला फोल्डर किती जागा खातो ते समोर येतं, आणि ते सहसा अंदाजापेक्षा वेगळं निघतं. आमच्या धंद्यात ठरलेले आरोपी तीन. कोरल ड्रॉ प्रत्येक फाइलशेजारी 'बॅकअप ऑफ' नावाची जुळी फाइल करून ठेवतं. फोटोशॉप मध्येच बंद पडलं तर त्याची तात्पुरती फाइल टेम्प फोल्डरमध्ये तशीच पडून राहते, आणि ती कित्येक जीबींची असू शकते. आणि तिसरा डेस्कटॉप. 'डेस्कटॉपवर ठेवलंय, सीमध्ये नाही' असं शपथेवर सांगणारे आहेत. डेस्कटॉप हा सीमधलाच एक फोल्डर आहे.

२. सी आणि डी वेगळ्या डिस्क आहेत का, ते तपासा.

आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देण्याची जुनी पद्धत आहे. तिथे सीमधलं डीमध्ये टाकलं की सी मोकळा होतो हे खरं. पण डिस्क उडाली तर दोन्ही एकदमच जातात. 'माझं सगळं डीमध्ये आहे, काळजी नाही' हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकते, त्यातल्या पुष्कळांचा डी त्याच डिस्कवर असतो. डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी आणि डी दोन्ही 'डिस्क ०' या एकाच ओळीत दिसले तर डिस्क एकच. पुष्कळ लॅपटॉपमध्ये लहान एसएसडीवर सी आणि मोठ्या हार्ड डिस्कवर डी असतो. तिथे हलवण्याला खरा अर्थ आहे.

३. दुसऱ्या ड्राइव्हवर जाताना कट-पेस्ट नको.

एकाच ड्राइव्हमध्ये फोल्डर इकडून तिकडे नेला की क्षणात जातो, मग तो दोनशे जीबींचा का असेना. कारण फाइल जागची हलतच नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. सीमधून डीमध्ये नेताना मात्र प्रत्येक फाइल आधी तिकडे लिहिली जाते आणि मग इकडची पुसली जाते. हे चालू असताना लाइट गेली किंवा केबल हलली तर अर्धं काम सीमध्ये आणि अर्धं डीमध्ये. आणि अशी पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणजे परतीची वाटही बंद.

म्हणून आधी नुसती कॉपी. मग दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या आणि फाइलींची संख्या व साइज जुळते का ते बघायचं. 'साइज ऑन डिस्क' जुळवत बसू नका. दोन ड्राइव्हचं फॉरमॅट वेगळं असेल तर तो आकडा जुळणारच नाही. लहान लहान फाइलींचा ढीग असेल तर एक्सएफॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर तो कितीतरी फुगतो. आकडे जुळले म्हणजे फाइल धड उघडते असंही नाही, तेव्हा नव्या जागेवरून दोन-चार मोठ्या फाइली प्रत्यक्ष उघडून पाहा. त्यानंतर जुनं डिलीट. मी तर चालू हंगामाचं काम कॉपी केल्यावर एक-दोन दिवस सीमधून काढतच नाही. लाल पट्टी दोन दिवसांनी कुणाला चावत नाही.

माउसने ओढण्यातही एक खोच आहे. त्याच ड्राइव्हमध्ये ओढलं तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर कॉपी होते. एवढं डोक्यात असलं की 'मी हलवलं तरी सी तेवढाच कसा?' हा प्रश्न पडत नाही.

४. पानं हलवताना फोटो सोबत न्या.

डीटीपीतला सगळ्यात महाग घोटाळा इथे होतो. इनडिझाइन किंवा जुन्या पेजमेकरमध्ये फोटो लावला की सहसा तो पानात साठवला जात नाही. पानात त्याची हलकी प्रतिमा दिसते आणि मूळ फोटो कुठे आहे त्याचा पत्ता राहतो. 'अंक' फोल्डर डीमध्ये गेला आणि फोटो सीमधल्या डाउनलोड्समध्ये राहून साफसफाईत उडाले, तरी पान उघडतं आणि स्क्रीनवर फोटो दिसतोही. छापून आल्यावर संपादकांचा चेहरा चौकटी-चौकटींचा निघतो, मुखपृष्ठाची जाहिरात देणाऱ्या सराफाच्या दागिन्यांचं तर विचारू नका. लिंक्सच्या पॅनलमध्ये लाल खुणेत प्रश्नचिन्ह दिसलं तर फोटो हरवलाय असं समजा आणि ते पान प्रेसला पाठवू नका.

काम संपलं की इनडिझाइनमधलं 'पॅकेज' वापरा. पान, फोटो आणि बहुतेक फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा होतात. तो फोल्डर अख्खा हलवा, त्यातली एखादीच फाइल नव्हे.

आणि बाहेरच्या डिस्कला ड्राइव्हचं अक्षर ठरवून द्या. आज एफ, उद्या जी असं झालं की सगळे पत्ते पुन्हा चुकतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'पी' किंवा 'एम' असं लांबचं अक्षर एकदा दिलं की तो कॉम्प्युटर सहसा तेच धरून ठेवतो.

५. मराठी फॉन्ट जपा.

युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधली पत्रिका दुसऱ्या मशीनवर, किंवा त्याच मशीनवर फॉरमॅट मारल्यानंतर उघडली, तर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. दहा वर्षांपूर्वीच्या पत्रिकेवर 'फक्त नावं बदलून द्या' म्हणत येणारी घरं आमच्याकडे आहेत. थोरल्याची झाली, आता धाकट्याची. त्या कामाच्या फोल्डरमध्ये तेव्हाचा फॉन्ट आणि एक पीडीएफ असायलाच हवी.

६. प्रोग्रॅम फाइल्सला हात लावू नका.

सॉफ्टवेअरचा फोल्डर उचलून डीमध्ये ठेवला तर ते बहुधा चालत नाही, कारण त्याचे पत्ते रजिस्ट्रीत लिहिलेले असतात. काढून टाका आणि पुन्हा टाकताना जागा डी सांगा. विंडोजच्या फोल्डरमधलं तर हाताने काहीच पुसू नका. मोठ्या अपडेटनंतर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं धूड दिसतं, ते दहा दिवसांनी आपोआप जातं. घाई असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून काढा. मशीन हायबरनेट करत नसाल तर ती सोय बंद करा. १६ जीबी रॅम असेल तर सहा-सात जीबी तिथेच सुटतात.

फोटोशॉपला मात्र एक गोष्ट सांगता येते. 'स्क्रॅच डिस्क फुल' असं ते ओरडतं तेव्हा रॅम पुरत नसते आणि ते सीवर खरडत असतं. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्क्रॅच डिस्क डी करा. फ्लेक्सच्या फाइली करणाऱ्यांना एवढ्यानेच निम्मा आराम पडतो.

७. डाउनलोड्सचं बिऱ्हाड कायमचं हलवा.

डाउनलोड्सच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' नावाचा टॅब आहे. तिथे नवी जागा दिली की पुढचं सगळं तिकडेच उतरतं. फक्त डीमध्ये आधी वेगळा फोल्डर करा आणि तो दाखवा. नुसता डी दाखवला तर अख्खा डीच डाउनलोड्स होऊन बसतो आणि तो परत सोडवताना नाकी नऊ येतात.

८. बाहेरची डिस्क.

एक टीबीची डिस्क ९३१ जीबीच दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. पेन ड्राइव्हमध्ये जागा असूनही मोठी फाइल 'बसत नाही' म्हणते तेव्हा तो फॅट ३२ असतो. त्यात चार जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सएफॅट करून घ्या. आणि सीमधून काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवलेलं काम म्हणजे बॅकअप नव्हे, कारण प्रत अजून एकच आहे. ज्या कामाचे पैसे यायचे आहेत त्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, जमल्यास दुसऱ्या घरी.

९. रिसायकल बिन.

हे सगळं करून सी लालच असेल तर फोन करण्याआधी बिन रिकामी करा. सीवरून डिलीट केलेलं सीवरच पडून असतं, डीचं डीवर. परवाच एकाने विचारलं, "ताई, बिन पण डीमध्ये हलवता येते का?"