अनेक डोळे, एक नोंदवही

प्रस्तावना

पोळी लाटताना लाटण्याला पिठाचा एखादा सुकलेला कण चिकटून राहिला, तर त्याची खूण प्रत्येक पोळीवर उमटते. लाटणे हातातच असते, त्यामुळे दोष लगेच दिसतो आणि तो क्षणात पुसताही येतो. पोलादाच्या कारखान्यातही तापलेले पोलाद लाटले जाते. पण तेथील 'लाटणे' काही टन वजनाचे असते, ते दिवसरात्र फिरत असते आणि त्याच्याजवळ हात नेणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. या अजस्र लाटण्याला 'रोल' म्हणतात.

रोलची निगा एकटा माणूस राखू शकत नाही. भट्टी, मिल, पाणी, क्रेन आणि रोल दुरुस्तीची कार्यशाळा या सर्व विभागांतील माणसांनी एकत्र बसून विचार केला, तरच रोल टिकतो आणि त्याच्याभोवती काम करणारी माणसेही सुरक्षित राहतात. असा विचार कसा केला जातो आणि त्यात भाषेचे स्थान कोणते, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• रोलचे कार्य व तो खराब होण्याची कारणे सांगू शकाल;
• सुरक्षा समितीची आवश्यकता स्पष्ट करू शकाल;
• कामाच्या ठिकाणची नोंद अचूक भाषेत लिहू शकाल.

मूळ पाठ

१. रसमडा आणि भिलाई

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगावनंतर आणि दुर्गच्या अलीकडे रसमडा नावाचे एक लहान स्थानक लागते. या गावाच्या परिसरात पोलादाचे खाजगी कारखाने उभे राहिले आहेत. दुर्ग ओलांडले की भिलाई येते. तेथील सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

भिलाईच्या उभारणीत रशियन तंत्रज्ञ होते आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले अभियंते व कामगारही होते. कोणी हिंदी बोलत होता, कोणी छत्तीसगढी, कोणी तेलुगू, तर कोणी मराठी. रशियन तंत्रज्ञांचे म्हणणे दुभाष्यांमार्फत समजून घ्यावे लागे. यंत्र समजून घेण्याआधी एकमेकांचे शब्द समजून घेणे आवश्यक होते. सहकार्याचा हा पहिला धडा होता.

१९६० मध्ये येथे रेल्वेचे रूळ तयार करणारी मिल सुरू झाली. पुढे एकविसाव्या शतकात नव्या मिलमधून एकसंध १३० मीटर लांबीचे रूळ निघू लागले. असे दोन रूळ जोडून २६० मीटरचे रूळ रेल्वेला दिले जातात. देशभरातील कोट्यवधी प्रवासी ज्या रुळांवरून जातात, त्यांचा आकार आणि त्यांचा गुळगुळीतपणा शेवटी मिलमधल्या रोलवर अवलंबून असतो.

२. रोल कशाने झिजतो?

रोलचे मुख्यतः दोन भाग लक्षात ठेवावेत. मधला जाड भाग पोलादाला आकार देतो. त्याच्या दोन्ही टोकांना असलेला अरुंद भाग म्हणजे रोलची 'मान'. ती बेअरिंगमध्ये बसते. सपाट पत्रा काढायचा असेल तर रोल गुळगुळीत असतो. सळई, कोन किंवा रूळ काढायचा असेल तर रोलवर त्या त्या आकाराच्या खाचा कोरलेल्या असतात. इंग्लंडमधील हेन्री कॉर्ट याने १७८३ मध्ये खाचांच्या रोलचे एकस्व मिळविले. तेव्हापासून या यंत्राचा आकार आणि वेग प्रचंड वाढला, तरी दोन रोलमधून लोखंड दाबून काढण्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही.

लाटण्यापूर्वी पोलाद साधारणपणे ११०० ते १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. हे धगधगते पोलाद टेकताच रोलचा पृष्ठभाग तापतो, लगेच पाण्याच्या फवाऱ्याने निवतो आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा तापतो. अशा हजारो फेऱ्यांनंतर पृष्ठभागावर केसासारखे बारीक तडे पडतात. तडे वेळीच काढून टाकले नाहीत तर ते आत शिरतात, रोलची कपची उडते आणि प्रसंगी रोल मधोमध तुटतो.

म्हणून ठरावीक उत्पादनानंतर रोल उतरवून कार्यशाळेत नेतात. तेथे तो लेथवर किंवा ग्राइंडिंग यंत्रावर घासून त्याचा खराब थर काढला जातो. आतील तडे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ध्वनिलहरींच्या किंवा चुंबकीय पद्धतीने तपासणी करतात. प्रत्येक घासणीबरोबर रोलचा व्यास थोडा कमी होतो. व्यास ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी झाला की तो रोल कायमचा बाद होतो. थर कमी काढला तर तडे उरतात आणि जास्त काढला तर रोलचे आयुष्य घटते. किती काढावे, हे ठरविण्यासाठी त्या रोलचा मागचा इतिहास माहीत असावा लागतो.

पाठगत प्रश्न १
(अ) रोलवर बारीक तडे का पडतात?
(आ) रोल घासताना कोणत्या दोन चुका टाळाव्या लागतात?

३. एका प्रसंगाचा विचार

आता एक काल्पनिक प्रसंग घेऊ. एका मिलमध्ये रोल मुदतीपूर्वीच तुटला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. चौकशी सुरू झाली. मिलचालक म्हणाला, "त्या दिवशी माल थंड येत होता. थंड पोलाद लाटताना रोलवर फार जोर पडतो." भट्टीवरचा कामगार म्हणाला, "मिल मध्येच थांबली होती, म्हणून बाहेर काढलेला माल निवला." पाण्याची व्यवस्था पाहणारा म्हणाला, "एक फवारा चोंदला होता. मी आधीच्या पाळीला तोंडी सांगितले होते." कार्यशाळेतला कारागीर म्हणाला, "रोल तातडीने मागितला गेला. शेवटचा हात फिरवायला आणि तडे तपासायला वेळच मिळाला नाही."

यांतील कोणीही खोटे बोलत नव्हता. प्रत्येकाजवळ सत्याचा एक तुकडा होता आणि तो तुकडा आपापल्या विभागातच पडून राहिला होता. थंड माल, चोंदलेला फवारा आणि उरलेले तडे या तीनही गोष्टी एकाच रोलवर एकाच दिवशी येऊन पडल्या, हे कोणालाही आधी दिसले नाही.

अशा वेळी "दोषी कोण?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारला, की माणसे आपला तुकडा लपवू लागतात. "काय काय घडले?" असे विचारले, तर तेच तुकडे समोर ठेवले जातात. चौकशीचा पहिला प्रश्न निवडण्यातच शहाणपण असते.

४. समितीचे काम

भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत सुरक्षा समिती असावी आणि तिच्यात कामगारांचे व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत, अशी तरतूद कलम ४१-जी मध्ये करण्यात आली. त्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही सुरक्षा समितीची तरतूद आहे. पोलाद उद्योगात तर १९७३ पासूनच व्यवस्थापन व कामगार संघटना यांची राष्ट्रीय पातळीवरील संयुक्त सुरक्षा समिती आहे.

समितीत कामगार कशासाठी? कारण रोलचा बदललेला आवाज सर्वांत आधी त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येतो. अभियंत्याजवळ गणित असते, कारागिराजवळ हाताचा अनुभव असतो आणि क्रेनचालकाला वरून दिसणारे खालच्यांना दिसत नाही. यांपैकी एकाचीही जागा दुसरा घेऊ शकत नाही.

धोका विभागांच्या सीमा पाळत नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाई कारखान्यात पाण्याचा दाब घटल्याने झोतभट्टीचा विषारी वायू पाण्याच्या वाहिनीतून पंपगृहात शिरला. त्यात सहा जणांचा मृत्यू झाला. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. ही दुर्घटना रोलची नव्हती. परंतु पाण्यातील बिघाडाचा वायूशी काय संबंध असू शकतो, हे ती दाखवून देते. एका विभागातील बिघाड दुसऱ्या विभागातील माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

रोल बदलताना हाच धोका फार जवळ येतो. फिटर रोलच्या मानेपाशी काम करीत असतो. त्याच वेळी दूरच्या नियंत्रण कक्षातील कोणी, तो तेथे आहे हे ठाऊक नसल्यामुळे, कळ दाबू शकतो. म्हणून वीज तोडून मुख्य कळीला कुलूप लावण्याची पद्धत आहे. यंत्रावर जितकी माणसे काम करतात, तितकी कुलपे लागतात. ज्याचे कुलूप, त्याच्याजवळच किल्ली. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढीपर्यंत यंत्र सुरू होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे फिरत्या रोलला पुसण्यासाठी किंवा अडकलेला माल सोडविण्यासाठी हात पुढे करावयाचा नाही. हातमोज्याचे टोक जरी पकडले गेले, तरी माणूस आत ओढला जातो. मिल थांबविल्याने तासभर उत्पादन बुडेल, पण गेलेला हात परत मिळत नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) समितीत कामगारांचे प्रतिनिधी का असावेत?
(आ) 'ज्याचे कुलूप, त्याच्याजवळच किल्ली' या नियमामागील हेतू कोणता?

५. नोंदीची भाषा

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे, वळू. वरील प्रसंगातील कामगाराने फवारा चोंदल्याचे तोंडी सांगितले होते; ते हवेत विरले. समजा, पुढच्या पाळीसाठी कोणी अशी नोंद केली :

"रोल बरोबर वाटत नाही. लक्ष ठेवावे."

ही नोंद प्रामाणिक आहे, पण निरुपयोगी आहे. कोणता रोल? काय बरोबर नाही? लक्ष कोणी ठेवावे? आता दुसरी नोंद पाहा :

"स्टँड क्र. ३, वरचा रोल, चालकाच्या बाजूची दुसरी खाच. रात्री २.४० वाजता सळईवर बारीक रेघ दिसली. पाण्याचा एक फवारा बंद आढळला. ३.१० वाजता मिल थांबवून, कुलूप लावून फवारा साफ केला. रेघ अजून दिसते. सकाळच्या पाळीप्रमुखांनी रोल उतरवून तडे तपासून घ्यावेत. तोपर्यंत ही खाच वापरू नये."

या नोंदीत एकही अलंकार नाही. तरी तिच्यात पाच गोष्टी आहेत : कोठे, केव्हा, काय दिसले, काय केले आणि काय करावयाचे राहिले. पाहिलेले आणि तर्काने वाटलेले यांची तिने सरमिसळ केलेली नाही. 'रोल तडकला आहे' असे लिहिणाऱ्याने लिहिले नाही. कारण त्याने तडा पाहिलेला नाही, रेघ पाहिली आहे.

समितीच्या इतिवृत्तातही असेच भान ठेवावे लागते. 'फवाऱ्यांची तपासणी करण्यात यावी' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. परंतु त्यात कर्ता दिसत नाही. ज्या कामाला कर्ता नाही, ते काम सर्वांचे असते, म्हणजेच कोणाचेच नसते. 'प्रत्येक रोल बदलताना पाळीप्रमुखांनी फवारे तपासून नोंदवहीत सही करावी' असे लिहिले, की काम कोणाचे व केव्हाचे, हे स्पष्ट होते.

रसमडा-भिलाईप्रमाणेच आपल्या जालन्यातही लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या मिल आहेत. तुमच्यापैकी काहीजण अशा ठिकाणी काम करून उरलेल्या वेळात हा अभ्यास करीत असतील. आपले लेखन साधे आहे, अक्षर वळणदार नाही, म्हणून नोंद लिहिण्यास संकोचू नका. पाळी संपवून तुम्ही घरी जाता, तेव्हा तुमच्या जागी उभा राहणारा माणूस तुमचे शब्द वाचूनच यंत्राजवळ जाणार असतो.

सारांश

रोलवरील ताण अनेक विभागांतून येतो, म्हणून त्याच्या बिघाडाची माहितीही अनेकांजवळ विखुरलेली असते. ती माहिती दोषारोप न करता एकत्र आणणे हे समितीचे खरे काम होय. समितीचा निर्णय आणि कामगाराची नोंद स्पष्ट भाषेत असेल, तरच ती पुढच्या माणसाचे रक्षण करते.

शब्दार्थ

अजस्र – अतिशय मोठे
झोतभट्टी – गरम हवेच्या झोताने लोहखनिज वितळविण्याची भट्टी
एकस्व – शोध लावणाऱ्याला मिळणारा कायदेशीर हक्क, पेटंट
पाळी – कामाची ठरलेली वेळ, शिफ्ट
इतिवृत्त – सभेतील कामकाजाचा लेखी वृत्तांत

स्वाध्याय

१. 'प्रत्येकाजवळ सत्याचा एक तुकडा होता' या विधानाचे तुमच्या शब्दांत स्पष्टीकरण करा.
२. "दोषी कोण?" आणि "काय काय घडले?" या दोन प्रश्नांचे परिणाम कसे वेगळे होतात, ते लिहा.
३. पुढील वाक्ये कर्ता व वेळ स्पष्ट करून पुन्हा लिहा :
(अ) यंत्राची साफसफाई करण्यात यावी.
(आ) तुटलेल्या पायरीकडे लक्ष देण्यात यावे.
४. तुमच्या घरी, शेतात किंवा कामाच्या ठिकाणी आढळलेल्या एखाद्या धोक्याविषयी पाच-सहा वाक्यांची नोंद लिहा. 'कोठे, केव्हा, काय दिसले, काय केले, काय राहिले' हा क्रम ठेवा. ती नोंद त्या ठिकाणाची माहिती नसलेल्या व्यक्तीला वाचावयास द्या आणि तिला कोणते प्रश्न पडतात, ते पाहा.