पहिल्या गाडीचं वजन आधी बघा

हळदीची पट्टी हातात आली की आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत गाडीचा विषय निघतो. वसमतला माल विकून आलेल्या पैशांतून आधी कृषी केंद्राची उधारी फिटते, घरातलं अडलेलं कार्य उरकतं, आणि मग मोठ्या मुलासाठी मोटरसायकल घ्यायची ठरते. ती कोणती घ्यायची, हे बहुतेक वेळा मित्र ठरवतात. किती सीसीची, पिकअप कसा, अ‍ॅव्हरेज किती, हप्ता किती बसतो, एवढी चौकशी झाली की शोरूममध्ये सही होते. शिकणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, तिरकी झालेली गाडी त्याला सावरता येते का आणि समोर अचानक काही आलं तर ती त्याच्याच्याने थांबेल का, हे तीन प्रश्न त्या चौकशीत नसतात. इतक्या वर्षांत जे पाहिलं, वाचलं आणि ताडून बघितलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे : पहिली मोटरसायकल शंभर ते सव्वाशे सीसीची, वजनाने सव्वाशे किलोंच्या आतली आणि शक्यतो जुनी असावी. ती निदान एक वर्ष चालवावी. मोठी गाडी त्यानंतर.

एखाद्याला वाटेल, ज्याला लायसन्स मिळालं त्याने कोणतीही गाडी चालवावी, त्यात दुसऱ्याने बोलायचं काय? पण आपलं लायसन्स याबाबतीत काहीच ठरवत नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा एकच वर्ग आहे. आरटीओच्या मैदानात शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी दिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी चारशे सीसीची गाडी घेऊन वारंगा फाट्याकडे निघाला, तरी कायद्याने तो चुकत नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाले की पक्क्यासाठी चाचणी देता येते. म्हणजे कायदा शिकणाऱ्याकडून मागतो तो जेमतेम एक महिना. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतचीच गाडी मिळते, एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची, आणि त्याहून मोठीसाठी आणखी थांबावं लागतं. त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा बरे, शिकवण्याची व्यवस्था आपल्यापेक्षा कडक, तरीही त्यांना या पायऱ्या लागल्या. आपल्या कायद्यात त्या नाहीत, तर त्या घरातल्यांनीच घालायच्या आहेत.

यामागे पुरावा काय, तर तो जुना आणि ठोस आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात मोटरसायकलच्या नऊशे अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला आणि १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रमुख संशोधक हॅरी हर्ट यांच्या नावाने तो ओळखला जातो. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना अपघात झाला त्या गाडीवर पाच महिनेही झालेले नव्हते, एरवी रस्त्यावरचा त्यांचा सराव सरासरी तीन वर्षांच्या आसपास होता. या दुसऱ्या निष्कर्षावर थांबून विचार करावा. गाडी चालवता येणं वेगळं आणि हीच गाडी हातात बसणं वेगळं. जुन्या चालकालाही नवी गाडी पहिल्या महिन्यांत धोक्याची ठरते, मग नवा चालक आणि नवी जोरदार गाडी एकत्र आल्यावर काय होत असेल? आपल्या देशाचे सरकारी आकडे याच दिशेने जातात. २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. अमेरिकेतला चाळीस वर्षांपूर्वीचा अभ्यास हिंगोलीला कसा लागू होईल, असं कुणी विचारलं तर ते विचारणं रास्त आहे. तिथली वाहतूक वेगळी, गाड्या वेगळ्या. पण मित्राकडून शिकणं आणि अनोळखी गाडीवर अंदाज चुकणं या दोन्ही गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत, उलट शिकवणारी संस्था गावाजवळ नसल्यामुळे जास्तच आहेत.

आता वजनाचं बघू. हिरो स्प्लेंडर सुमारे ११२ किलोंची, सीटची उंची ७८५ मिलीमीटर. होंडाची शाइन १०० तर शंभर किलोंच्या आतबाहेर. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. शिकणारा पडतो तो बहुधा वेगात नाही. तो पडतो यू-टर्न घेताना, चढावर क्लच सोडताना, वाळूत थांबताना, डबल सीट घेऊन ब्रेकरवरून उतरताना. तिथे गाडी तिरकी होते आणि एका पायावर सगळा भार येतो. ११२ किलोंची गाडी साठ किलोंचा मुलगा त्या क्षणी सावरू शकतो, १९५ किलोंची त्याला खाली घेऊन जाते आणि सायलेन्सरखाली पाय सापडतो. आपले रस्ते तर असे प्रसंग रोज आणतात. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि ओली झाली की चाकाला धरायला काही उरत नाही. दिवाळीच्या सुमारास कुठे सोयाबीन रस्त्यावर पसरलेलं असतं. ऊस सुरू झाला की वसमत भागात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्री रिफ्लेक्टरविना चाललेले दिसतात. समोरून गाडी आली की डांबर सोडून साईडपट्टीवर उतरावं लागतं, आणि डांबराची कड कधी कधी वीतभर उंच असते. या सगळ्याला वीस हॉर्सपॉवर उपयोगाचे नाहीत. हलकी गाडी, टेकणारे पाय आणि हळू वेगात न डगमगणारा हात हवा.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, जड गाडी रस्ता धरते. त्यात तथ्य आहे, पण ते मोकळ्या महामार्गावर, एका वेगाने सरळ जाताना आणि आडव्या वाऱ्यात. हळू वेगात, वळणावर आणि थांबताना तेच वजन शिकाऊच्या विरुद्ध जातं. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. अकोला–नांदेड महामार्ग रुंद झाल्यापासून त्यावरची वाहनं वेगात असतात, तिथे छोटी गाडी ट्रकच्या मागे अडकते, ओव्हरटेक करायला ताकद लागते, असं म्हणतात. खरं आहे. पण ओव्हरटेकच्या वेळी ताकदीआधी लागतो अंदाज : समोरच्या वाहनाचा वेग किती, अंतर किती, आपल्या गाडीला किती वेळ लागेल. हा अंदाज पहिल्या वर्षात येतो आणि छोट्या गाडीवर तो लवकर येतो, कारण ती चालकाला वाट बघायला लावते. मोठ्या गाडीवर मूठ पिळली की चूक झाकली जाते, आणि ज्या दिवशी झाकली जात नाही त्या दिवशी वेग ऐंशीचा असतो. चाळीसच्या दुप्पट वेग म्हणजे गाडीतली ऊर्जा चौपट. ऐंशीच्या वेगात धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी ब्रेक लागण्याआधीच २२ मीटर पुढे गेलेली असते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मोठ्या गाडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याखालच्यांना फक्त सीबीएस. एबीएसमुळे चाक जाम होत नाही आणि ओल्या रस्त्यावर त्याने जीव वाचतो. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो, एवढंच. म्हणून ज्याला रोज महामार्गाने हिंगोली-कळमनुरी करायचं आहे आणि अंगाने जो उंच-धिप्पाड आहे, त्याने वर्षभर थांबून दीडशे-एकशेसाठ सीसीची, शांत स्वभावाची एबीएसवाली गाडी घेतली तर मी अडवणार नाही. पण एबीएस चुकीच्या सवयीवर उपाय नाही. आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं, की पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. त्यामुळे पोरं आयुष्यभर फक्त पायाचा ब्रेक वापरतात. गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं, आणि म्हणून थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढच्या ब्रेकचं असतं. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा झटका न देता वाढत्या जोराने दाबायचा, हे मोकळ्या कोरड्या मैदानात चाळीसच्या वेगातून पुन्हा पुन्हा करून शिकावं लागतं. हा सराव मुलं हलक्या गाडीवर करतात, कारण पडलं तरी गाडी उचलता येते आणि आरसा बदलायला फार खर्च येत नाही. लाख-दोन लाखांच्या नव्या गाडीवर ओरखडा पडेल म्हणून तो कुणीच करत नाही. शाइनसारख्या १२५ सीसीच्या गाडीत पुढे डिस्क मिळतो, त्याचे थोडे जास्तीचे पैसे द्यावेत.

जुनी गाडी घ्या म्हणतो ते याचसाठी. छोटी गाडी घेतली तर सहा महिन्यांत मन भरतं आणि विकताना नुकसान होतं, असं म्हणणाऱ्यांनी हिशोब नीट मांडावा. नव्या गाडीची किंमत सगळ्यात जास्त उतरते ती सुरुवातीच्या काळात. चार-पाच वर्षं चाललेली स्प्लेंडर वर्षभर वापरून विकली तर तोटा थोडा, आणि तिला गिऱ्हाईक प्रत्येक गावात आहे. दुरुस्तीला मेकॅनिकही मिळतो. घेताना एप्रिल २०१९ नंतरची पाहावी, म्हणजे निदान सीबीएस असतं. कागद मात्र डोळ्यात तेल घालून तपासावेत. चासी नंबर आरसीशी जुळतो का, आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का आणि असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी मिळते का, हे पैसे देण्याआधी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी नावावर करून घ्यायची, ‘नंतर बघू’ म्हणायचं नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे २०१९-२० च्या गाड्यांचा तो विमा आता संपलेला आहे आणि पुष्कळांनी पुढे काढलेलाच नाही. विम्याविना कुणाला धडक बसली तर भरपाई घराच्या खिशातून जाते, आणि ती रक्कम गाडीच्या किमतीत मावत नाही.

दहावी-अकरावीच्या मुलाला गाडी द्यावी का, यावर लांब बोलण्याचं कारण नाही. अठरा वर्षांखाली गिअरच्या गाडीचं लायसन्सच नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. शाळा लांब आहे, एसटी वेळेवर नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी एसटीकडे आणि पंचायतीकडे भांडावं लागेल, पोराच्या हाती किल्ली देऊन ती सुटत नाही.

मुलींनी स्कूटरच शिकावी, हा आग्रहही सोडून द्यावा. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटरच्या दहा-बारा इंची चाकापेक्षा मोटरसायकलचं अठरा इंची चाक जास्त सोसतं. शंभर किलोंच्या आसपासची, सीट खाली असलेली गाडी शेतावर जाणाऱ्या मुलीलाही तितकीच जमते. तिलाही ती बसून, पाय टेकवून, स्टँडवरून काढून बघू द्यावी आणि मगच घ्यावी.

छोट्या गाडीत वाचलेले पैसे आधी हेल्मेटला जावेत. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असलेलं, हनुवटीचा पट्टा घट्ट बसणारं, तोंड झाकणारं. रस्त्याच्या कडेला मिळणारी पातळ टोपी घेऊ नये. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं देशात दगावली आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. आपल्याकडे एका गाडीवर एकच हेल्मेट असतं आणि ते पुढच्याच्या डोक्यावर किंवा हँडलला असतं. मागे बसून औंढ्याला दर्शनाला जाणारी आई, बाजाराला जाणारी बायको, शाळेत जाणारा भाऊ, यांच्यासाठी दुसरं हेल्मेट गाडीच्या सौद्यातच धरायचं, ज्या दिवशी गाडी घ्याल त्याच दिवशी.