न सापडलेले ते नाहीच का?



घरात एखादी वस्तू मिळेनाशी झाली की आपण दोन वाक्ये सहजपणे एकमेकांच्या जागी वापरतो. ‘मला ती सापडली नाही’ हे एक आणि ‘ती तिथे नाहीच’ हे दुसरे. पहिले वाक्य शोधणाऱ्याविषयी आहे, दुसरे त्या वस्तूविषयी. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? हा प्रश्न आज एका खेळाच्या आधाराने समजून घेऊ. आपले तरुण मोबाईल घेऊन हा खेळ खेळू शकतात आणि वडीलधाऱ्यांनाही त्यातून विचाराला खाद्य मिळेल. या खेळाचे नाव जिओकॅशिंग.

खेळाची ओळख

येथे ‘कॅश’ म्हणजे रोख रक्कम नव्हे, तर लपवून ठेवलेला साठा. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी जीपीएस यंत्राच्या मदतीने तो शोधायचा. डब्यात एक छोटी वही असते. सापडला की वहीत नाव व तारीख लिहायची, डबा होता तसाच ठेवायचा आणि संकेतस्थळावरही नोंद करायची. डब्यातील एखादी किरकोळ वस्तू घेतली, तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची.

या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. नागरिकांना मिळणाऱ्या त्यांच्या संदेशात पूर्वी मुद्दाम त्रुटी ठेवली जात असे. त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही त्रुटी काढून टाकण्यात आली आणि अचूकता एका रात्रीत सुमारे दहापट वाढली. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली लपवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. तीन दिवसांत ती दोनदा सापडली. आज जगभर असे ३० लाखांहून अधिक डबे आहेत. इंग्लंडमध्ये तर चर्चच्या परिसरात ठेवलेल्या डब्यांची ‘चर्च मायक्रो’ नावाची एक स्वतंत्र मालिकाच आहे.

उपग्रह येण्यापूर्वीही या खेळाचा एक पूर्वज होता. इंग्लंडमधील डार्टमूर या ओसाड माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणारे प्रवासी तिच्यात आपले नावाचे कार्ड टाकून जात. कोणीतरी आधी येऊन गेला आहे आणि कोणीतरी पुढे येणार आहे, एवढ्या विश्वासावर ती बाटली तिथे उभी होती.

एकाकी डबे

पहिली बादली तीन दिवसांत सापडली, पण सर्वच डब्यांचे नशीब तसे नसते. काही डब्यांची शेवटची नोंद पाच वर्षांपूर्वीची, दहा वर्षांपूर्वीची असते. खेळाडू त्यांना ‘एकाकी’ म्हणतात. असे डबे निवडून, त्यांच्या यादीतील सर्वात जुन्या तारखेपासून सुरुवात करून शोधणाऱ्यांचा एक वेगळाच वर्ग आहे. त्यांना नवा डबा प्रथम शोधण्यापेक्षा विसरलेला डबा पुन्हा शोधण्यात आनंद वाटतो.

डबा एकाकी का होतो? कधी तो डोंगरमाथ्यावर किंवा बेटावर असतो आणि तिथे जाणारेच विरळ. कधी पायवाट मोडते, पूल वाहून जातो. कधी लपवणारा गाव सोडून जातो किंवा त्याचा उत्साह ओसरतो. आणि कधी डबा खरोखरच गेलेला असतो. पुराने नेला, वणव्यात जळाला किंवा अनोळखी वाटसरूने कचरा समजून उचलला.

बाहेरून पाहणाऱ्याला ही सर्व कारणे सारखीच दिसतात. कारण प्रत्येकाचा परिणाम एकच, नोंदवहीतील मौन. परंतु या मौनाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये. एक, कोणी शोधलेच नाही. दुसरा, शोधूनही सापडले नाही.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण अंतराळात आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट हे खाजगी प्रवासी म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि तेथील रशियन विभागातील एका कप्प्याला त्यांनी कॅश म्हणून जाहीर केले. त्यानंतर पाच वर्षे तो कोणी शोधला नाही. मग २०१३ मध्ये अंतराळवीर रिक मास्ट्राकिओ यांनी तो शोधल्याची नोंद केली. या पाच वर्षांच्या मौनावरून ‘कप्पा नाही’ असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरले असते. तिथे पोहोचू शकणारी माणसेच मोजकी होती!

अनुपलब्धीचा नियम

हाच मुद्दा आपल्या देशातील तत्त्वचिंतकांनी फार पूर्वी बारकाईने तपासला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन मानले. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. त्यांचे नेहमीचे उदाहरण घड्याचे. समोरच्या जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून तिथे घडा नाही असे आपल्याला कळते. मात्र त्यांनी याला एक अट घातली. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड पुरेसा हवा, डोळे धड हवेत, आड काही नको. या अटीसह जी अनुपलब्धी, ती ‘योग्य’ अनुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घड्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होतो तो फक्त अंधार.

एकाकी डबा शोधणारा जाणता खेळाडू नेमका हाच नियम पाळतो. तो केवळ किती वर्षे डबा सापडला नाही हे पाहत नाही. त्या वर्षांत कोण आले, किती वेळ शोधले आणि काय लिहून गेले, हे तो वाचतो. दहा वर्षांत एकही नोंद नसेल, ना सापडल्याची ना न सापडल्याची, तर डबा जागेवर असण्याची आशा बऱ्यापैकी आहे. उलट, दोनच वर्षांत पाच अनुभवी माणसे तासन्‌तास शोधून रिकाम्या हाताने परतली असतील आणि डबा सोपा म्हणून जाहीर केलेला असेल, तर तो गेला असण्याचा संभव मोठा. म्हणजे दहा वर्षांचे मौन कधीकधी दोन वर्षांच्या मौनापेक्षा अधिक आश्वासक असते.

शोधाची तयारी

जुना डबा शोधताना आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट मोजमापाची. जाहीर केलेले अक्षांश सहसा मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेले असतात. अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. आकडे पाहून वाटते, आता फक्त हात घालायचा! पण दाट झाडी, उंच कडे व इमारती यांमुळे उपग्रहांचे संदेश अडतात किंवा परावर्तित होऊन येतात. लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक आणि आपल्या यंत्राची चूक कधीकधी एकमेकींत मिळतात. १० मीटरचा फरक पडला तरी शोधायचे वर्तुळ ३१४ चौरस मीटरचे, म्हणजे जवळपास ३,४०० चौरस फुटांचे होते. म्हणून जाणकार सांगतात की जवळ पोहोचल्यावर यंत्र खिशात ठेवावे आणि डोळे वापरावेत. नाहीतर काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दुसरी गोष्ट काळाची. लपवणाऱ्याने लिहिलेला इशारा त्याच्या दिवसाचा आहे. ‘लहान झाडाच्या बुंध्याशी’ असे त्याने लिहिले असेल, तर पंधरा वर्षांनी ते झाड लहान राहिलेले नाही. आडवा पडलेला ओंडका कुजून माती झाला असेल. डब्यावर रचलेले दगड घसरले असतील, वर पालापाचोळ्याचा थर साचला असेल. शोधणाऱ्याने आज काय दिसते एवढेच पाहून चालत नाही. त्या दिवशी येथे काय दिसत असेल, याची कल्पना करावी लागते. जुन्या नोंदी आणि छायाचित्रे येथे कामी येतात.

तिसरी गोष्ट डब्याची. लष्करी दारूगोळ्याच्या पत्र्याच्या पेटीला रबरी पट्टीचे घट्ट झाकण असते. ती वर्षानुवर्षे ऊन-पाऊस सोसते. कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची डबी मात्र लवकर पाणी धरते आणि आतील कागदाचा लगदा होतो. म्हणून काय शोधत आहोत हे आधी माहीत असावे.

आणि शेवटी साधा विवेक. जाण्याच्या जागेची परवानगी आहे ना, परतीची वाट माहीत आहे ना, घरी सांगितले आहे ना, हे पाहूनच निघावे. एकाकी डब्याच्या वाटेवर मदतीला दुसरा कोणी येईलच असे नाही.

सापडला नाही तर?

खरी कसोटी येथे लागते. संकेतस्थळावर ‘सापडला नाही’ अशी नोंद करण्याची सोय आहे, पण ती करायला पुष्कळांना कमीपणा वाटतो. ते गुपचूप परततात. याचा तोटा पुढच्याला होतो. प्रामाणिक अपयशाची नोंद हीदेखील माहिती आहे. तिच्यावाचून ‘कोणी शोधले नाही’ आणि ‘शोधून सापडले नाही’ यांतील फरकच पुसला जातो.

याहून मोठा मोह दुसरा आहे. काही जण सोबत रिकामी डबी आणतात. खरा डबा मिळाला नाही की आपली डबी तिथे ठेवतात, तिच्यातील कागदावर आपले नाव लिहितात आणि ‘सापडला’ असे नोंदवतात. मूळ मालकाच्या संमतीशिवाय असे करणे या खेळात गैर मानले जाते. वरवर पाहता हा परोपकार वाटतो, कारण पुढच्याला काहीतरी मिळेल. पण खरा डबा दोन हातांवर असेल तर? मग एका जागी दोन डबे होतात. मालकाला खोटी माहिती मिळते. पुढचा शोधणारा नकळत खोट्यालाच खरे समजतो आणि खरा डबा कायमचा एकाकी होतो. ‘मला माहीत नाही’ असे म्हणणे जड गेल्यामुळे तयार केलेले उत्तर सत्याच्या वाटेत उभे राहते, ते असे.

‘नाही’ हा शब्द किती जपून वापरावा, हे आणखी एका घटनेतून दिसते. २००१ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काही खास डबे ठेवण्यात आले होते. त्यांपैकी ‘टनेल ऑफ लाइट’ नावाचा डबा वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी घाटातील जुन्या रेल्वे बोगद्याच्या परिसरात होता. २०११ मध्ये तो जागेवरून नाहीसा झाला आणि त्याची नोंद बंद करण्यात आली. पुढे २०१६ मध्ये मूळ डबा पुन्हा मिळाला आणि नोंद पुन्हा सुरू झाली. ‘जागेवर नाही’ हे खरे होते, ‘उरलाच नाही’ हे खरे नव्हते.

अर्थात, आशेलाही शिस्त हवी. मालक वर्षानुवर्षे उत्तर देत नसेल आणि न सापडल्याच्या नोंदी साचत असतील, तर डबा यादीतून काढला जातो. ते योग्यच आहे. नाहीतर दिवसभर पायपीट करून लोक रिकाम्या जागेवर पोहोचत राहतील. नीट शोधून झाल्यावर ‘नाही’ म्हणणे हाही सत्याचाच भाग आहे. घाई नको ती नीट शोधण्यापूर्वी.

जो डबा लपवतो त्याची जबाबदारीही यातून कळते. डबा ठेवणे म्हणजे अनोळखी माणसाला शब्द देणे आहे, की तू आलास तर येथे काहीतरी असेल. तो शब्द पाळायचा तर अधूनमधून जाऊन पाहावे, ओली वही बदलावी आणि जमेनासे झाले तर डबा उचलून तसे जाहीर करावे.

कुटुंबात व युवागटात चर्चेसाठी

१. ‘सापडले नाही’ यावरून ‘नाहीच’ असे आपण अलीकडे कशाबद्दल किंवा कोणाबद्दल ठरवले? आपला शोध पुरेशा उजेडात झाला होता का?

२. अपयशाची प्रामाणिक नोंद केल्याने दुसऱ्याला कसा उपयोग होतो? आपल्या अभ्यासातील किंवा कामातील एक उदाहरण द्या.

३. उत्तर माहीत नसताना ‘रिकामी डबी’ ठेवून देण्याचा मोह आपल्याला कोठे होतो?

४. आपण कोणाला दिलेला असा कोणता शब्द आहे, की ज्याच्याकडे बऱ्याच दिवसांत जाऊन पाहिलेले नाही?