सर्व्हर चालू आहे, पण ऑर्डर येतेय का?

या आठवड्याच्या व्हिडिओत जो भाग घाईत उरकला, तो इथे नीट लिहितोय. विषय आहे सर्व्हरचा हेल्थ चेक. मी बीबीए झालेला दुकानदार, कोड लिहीत नाही. पण हा विषय फक्त डेव्हलपरचा नाही, गल्ल्याचा आहे.

समजा, तुमचा फराळाचा ऑनलाइन धंदा आहे. दिवाळीला गर्दी होते म्हणून एकाऐवजी तीन सर्व्हर भाड्याने घेतलेत. एकत्र काम करणाऱ्या अशा मशीनच्या गटाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक मशीनला होस्ट. त्यांच्यापुढे असतो लोड बॅलन्सर. दुकानात गर्दी झाली की एखादा पोरगा पुढे उभा राहून "काकू, तुम्ही त्या काउंटरला या" म्हणतो ना, तेच याचं काम. आता एक होस्ट बंद पडला आणि याला कळलंच नाही, तर साधारण दर तिसरं गिऱ्हाईक बंद काउंटरवर जाऊन परत फिरेल. म्हणून तो दर काही सेकंदांनी प्रत्येक होस्टला आपोआप विचारत राहतो, "ठीक आहेस ना?" हाच हेल्थ चेक.

खरी मेख आहे, तो नेमकं काय विचारतो यात.

सगळ्यात साधा प्रश्न म्हणजे पिंग. त्याला उत्तर आलं याचा अर्थ मशीन नेटवर्कवर आहे, म्हणजे शटर वर आहे, इतकंच. दुसरा प्रश्न, होमपेज उघडतंय का? उघडलं तर २०० हा कोड परत येतो. म्हणजे दिवे लागलेत, काउंटरला माणूस उभा आहे. बरेच जण इथेच थांबतात.

आता हे बघा. तिन्ही होस्ट ऑर्डर एकाच डेटाबेसमध्ये लिहितात आणि त्या डेटाबेसच्या मशीनची डिस्क भरली. जुने बॅकअप आणि लॉग फाइल साठत गेल्या की असं सर्रास होतं. वाचायला जागा लागत नाही, म्हणून होमपेज छान दिसतं, चकलीचे फोटो दिसतात, भावही दिसतात. पण नवीन ऑर्डर लिहिली जात नाही. गिऱ्हाइकाचे यूपीआयने पैसे गेले, तुमच्याकडे नोंदच नाही, आणि हेल्थ चेक सगळीकडे हिरवा! तासाला २० ऑर्डर, सरासरी ६०० रुपये धरले तर तासाला १२,००० रुपयांचा घोळ. वर फोनवरच्या शिव्या वेगळ्या.

मग लोड बॅलन्सरलाच डेटाबेस तपासायला सांगायचं? थांबा. डेटाबेस दहा-पंधरा सेकंद मंदावला तर तिन्ही होस्ट एकदम 'आजारी' ठरतील आणि नुसतं बघायला आलेलं गिऱ्हाईकही बाहेर राहील. म्हणून माझं मत असं, की दोन वेगळे चेक ठेवा. लोड बॅलन्सरचा हलका, फक्त त्या होस्टपुरता. आणि दुसरा खोल चेक, जो दर पाच मिनिटांनी एक खोटी चाचणी ऑर्डर टाकून ती नोंदली गेली का ते बघेल. हा दुसरा चेक कुणालाही रांगेतून काढणार नाही, फक्त माणसाला उठवेल. चाचणीच्या ऑर्डरी मात्र विक्रीच्या हिशोबात येऊ देऊ नका, नाहीतर सीए विचारेल!

एकदा उत्तर आलं नाही म्हणून लगेच होस्ट काढायचा नसतो. हेप्रॉक्सी नावाचा प्रसिद्ध मोफत लोड बॅलन्सर आहे. चेक चालू केला की काही न बदलता तो दर २ सेकंदांनी विचारतो, सलग ३ वेळा नापास झाला तर होस्ट बाजूला काढतो आणि सलग २ वेळा पास झाला की परत घेतो. छोट्या धंद्याला सुरुवातीला हे पुरतं.

डिस्क ८० टक्के भरली की मेसेज, ९० टक्क्यांना थेट फोन, असं मी सुचवतो. एसएसएल सर्टिफिकेटची मुदतही याच यादीत घाला. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची मोफत सर्टिफिकेटं सुरुवातीपासून ९० दिवसांची आहेत. ती आपोआप नवी होतात, पण ते आपोआप थांबलं तर सांगणार कोण? बाकी बारीकसारीक गोष्टींचे मेसेज बंदच ठेवा. दिवसाला चाळीस मेसेज आले की माणूस ग्रुप म्यूट करतो, आणि एक्केचाळिसावा खरा असतो.

अजून एक. खोल चेक त्याच क्लस्टरवर चालवू नका. घर जळालं तर आतला वॉचमन ओरडणार कसा? दुसऱ्या कंपनीकडच्या एखाद्या स्वस्त मशीनवरून चालवा.

सीझन सुरू व्हायच्या आधी एखाद्या मंगळवारी सकाळी अकराला डेव्हलपरला शेजारी बसवा आणि तीनपैकी एक होस्ट मुद्दाम बंद करायला सांगा. स्वतःच्या मोबाईलवरून ऑर्डर टाकून बघा. घड्याळ लावा. मेसेज किती वेळात आला, आणि कोणाच्या नंबरवर आला, तेही बघा. तो नंबर दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचा निघाला, तर आधी तो बदला.