आडनावाची ओळख : बर्टविसल

मुलांनो, 'बर्टविसल' हे इंग्रजी आडनाव ऐकल्यावर पक्षी शीळ घालतोय असं वाटतं ना? त्यात पक्षी खराच आहे, शीळ मात्र नाही! जुन्या इंग्रजीत 'ब्रिड' म्हणजे पक्ष्याचं पिल्लू आणि 'ट्विस्ला' म्हणजे दोन ओढे मिळतात ती जागा, आपला संगम. लँकेशायरमध्ये पॅडिहॅमजवळ या नावाची वस्ती होती. तिथले ते बर्टविसल, जसे संगमनेरचे संगमनेरकर. वस्ती केव्हाच नाहीशी झाली, आडनाव उरलं. तेही फार लांब गेलं नाही. १८८१च्या जनगणनेत बहुतेक बर्टविसल लँकेशायरातच होते. संगीतकार हॅरिसन बर्टविसल (१९३४-२०२२) यांचा जन्मसुद्धा जवळच्याच ॲक्रिंग्टनचा. त्याला लागून ऑस्वाल्डट्विसल नावाचं गाव आहे. ऑस्वाल्ड हे माणसाचं नाव. मग गावाच्या नावाचा अर्थ काय? पुढच्या शनिवारी सांगा.